आकसण्याचा हिशोब धरून

भाचा बोटीवर असतो, नॉर्वेकडं.
त्यानं फोटो धाडला: दोन्ही अंगाला काळे कडे,
मधे पाणी, इतकं गप्प
की आधी वाटलं, कुणीतरी फरशी पुसून ठेवलीय.
खाली लिहिलेलं, मामा, ह्याला फ्योर्ड म्हणतात.

जेवणाच्या सुट्टीत फोन
उद्यमबागेतल्या आमच्या पॅटर्न शॉपभर फिरला
आणि तेलकट अंगठे घेऊन परत आला.
इस्माईल म्हणाला, थंडी किती असंल.
कल्लाप्पा म्हणाला, एवढंच होय?
हिडकलला जाऊन बघ की.

गाडी त्याचीच, ओम्नी,
मागचं दार आतून सुतळीनं बांधलेलं.
शनिवारी हाफ डे. रविवार पूर्ण.
एका पंपाच्या ड्रॉइंगच्या पाठीवर
मी रस्ता ओढला:
काकती, वंटमुरीचा घाट, हत्तरगीचा टोल,
तिथून उजवीकडं, पाण्यापर्यंत.
मुक्काम पाच्छापुरात, मेहुणीकडं.
सकाळी गोकाक, धबधब्यावरचा झुलता पूल,
अर्धा किलो करदंट
(एक किलो, असं रुक्मानं खोडून लिहिलं),
अंकलगीवरून घरी, अंधाराच्या आत.

चहाच्या प्रत्येक थांब्याला एक गोल.
सात गोल झाले.
प्रणिता म्हणाली, बाबा, ही ट्रिप आहे का कपबशांचा सेट?

रुक्माच्या अटी वेगळ्या कागदावर.
गाडीत अंडी नकोत.
पुलावर कुणी मागून हलवायचं नाही.
फाट्यावरचे बोर्ड मीच वाचणार:
ती चिकोडीची, कन्नड शाळेतली,
मी अजून चिंचेच्या झाडावरून वळतो
आणि झाड तोडलं असलं तर पुढं जातो.

आमच्या कामात एक नियम आहे.
लोखंड निवताना आकसतं,
म्हणून लाकडी साचा
मापापेक्षा केसभर मोठा करावा लागतो.
मी सुट्टीही तशीच आखतो.
माहीत असतं, शनिवारी साहेब चारला सोडणार,
घाटात गाडी तापणार,
मेहुणी जेवल्याशिवाय हलू देणार नाही.
सात गोलांतले तीन उरले तरी
माप बरोबर आलं म्हणायचं.

शुक्रवारी रात्री कल्लाप्पा आला,
हवा भरून, टायरला लाथ मारून.
दारातच उभा राहून ड्रॉइंग बघितलं.
धरण मी प्रणिताच्या निळ्या खडूनं रंगवलं होतं,
चांगलं तळहाताएवढं.
त्यानं माझ्या कानावरची पेन्सिल काढली
आणि निळ्याच्या मधोमध
एक गोल ओढला.

इथं कसला चहा, मी हसलो.

बाबाचं हॉटेल होतं की रे, म्हणाला.
दोन बाकडी. एक स्टो.
मी चार वर्षांचा. बाकडी आणली गाडीत घालून,
हॉटेल नाही आणता आलं.
मे महिना आहे, पाणी उतरलं असंल.
देवळाचा माथा दिसला
तर तिथनं मोजून डावीकडं, वीस पावलं.

रुक्मा आतून बघत होती.
कुणीच काही बोललं नाही,
बाहेर ओम्नीचं इंजिन
बंद केल्यावरही टिकटिकत होतं.

नॉर्वेत ती दरी बर्फानं कोरली म्हणे,
मग समुद्र आत आला.
तिथं आधी कोण राहत होतं,
भाच्याला विचारायला हवं.
तो हसेल. विचारतो तरीही.

कल्लाप्पानं पेन्सिल परत कानावर ठेवली,
माझ्याच,
आणि म्हणाला, साडेसहाला हॉर्न मारतो,
उशीर करू नको.
अरे, निघायचं दुपारी आहे!
त्याला आठवण करून दिली.
हो की, म्हणाला. तरी मारतो.

तो गेल्यावर रुक्मानं
थर्मास धुऊन पालथा घातला,
कप मोजले,
आणि तिच्या अटींच्या कागदावर
सगळ्यात खाली, बारीक अक्षरात:
स्टो घ्यायचा. रॉकेल बघणे.